शिशाची पट्टी: प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर २०२४

४ मे, शनिवार

विषय मंजूर झाला. पाण्यातलं शिसं जागच्या जागी ओळखणारी लवचिक सेन्सर पट्टी. पॉलिइमाइडच्या (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पातळ फिल्मवर अर्धवाहकाचा ट्रान्झिस्टर, त्यापासून थोड्या अंतरावर सोन्याचा ठिपका आणि ठिपक्यावर फक्त शिशाला दाद देणारं पटल. पट्टी एकदा वापरून टाकायची, रीडर मात्र कायमचा, तळहातावर मावेल एवढा.

गाठायचा आकडा ठरलेला आहे. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) म्हणतं की पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे १० पीपीबी (अब्ज भागांत १० भाग), मोलच्या हिशेबात साधारण ४८ नॅनोमोलर. कॅडमियमची मर्यादा ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम. मार्गदर्शक सरांना तिन्ही धातू एकाच पट्टीवर हवे आहेत. माझं मत वेगळं आहे. एक धातू विश्वासाने सांगता आला, तर दुसऱ्याचा विचार करू.

शिसंच का, ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला की वाचता येईल. आपल्याकडे शिसंमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झालं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाच्या स्टॅबिलायझरसाठी २०२१ मध्ये नियम आले. नवं शिसं असं कमी होत चाललंय, पण जुनं भिंतीत आणि मोरीत बसलेलंच आहे: जुने पाइप, सांध्यांना दिलेले डाग, पितळी तोट्या. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, आणि अमुक इतकं शिसं चालेल असा सुरक्षित आकडा माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

प्रयोगशाळेतलं धातू मोजणारं आयसीपी-एमएस यंत्र १० पीपीबी शिसं सहज मोजतं. पण त्यासाठी बाटली यंत्रापर्यंत जावी लागते, आणि घरात पाणी भरणारी बाई बाटली घेऊन प्रयोगशाळा शोधत फिरत नाही. पट्टी तिच्या मोरीपर्यंत पोचली पाहिजे.

११ मे, शनिवार

आठवडाभर फिल्मच करत होतो. इंडियम नायट्रेट मेथॉक्सीइथेनॉलमध्ये विरघळवून त्यात ॲसिटिलॲसिटोन घालायचं, रात्रभर ढवळायचं, गाळून पॉलिइमाइडवर थेंब सोडायचा आणि तीन हजार आरपीएमवर अर्धा मिनिट फिरवायचं. मग हॉटप्लेटवर २७५ अंशांना तासभर. ॲसिटिलॲसिटोन इंधनाचं काम करतं: द्रावणातच छोटी ज्वलनक्रिया होते आणि तिच्या उष्णतेवर ऑक्साइड तयार होतं, त्यामुळे बाहेरून कमी तापमान पुरतं. पेटची (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची) फिल्म स्वस्त पडते, पण ती सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे सैल होते. आपल्याला पॉलिइमाइडच लागणार.

प्लास्टिकवर ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर बसतात हे जगाला नीट पटलं ते २००४ मध्ये, जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचा थर खोलीच्या तापमानाला लवचिक फिल्मवर चढवला तेव्हा. त्यांच्याकडे निर्वात पोकळीत थर चढवायची यंत्रणा होती. आमच्याकडे स्पिन कोटर आणि मे महिना आहे.

मे महिना म्हणजे दमट हवा. खिडकीबाहेरचा दमटपणा खोलीत शिरला की थरावर दुधी डाग उमटतात, कारण सुकायच्या आधीच द्रावण हवेतलं पाणी ओढतं. एसीच्या जोडीला डीह्युमिडिफायर लावल्यावर थर काचेसारखा स्वच्छ यायला लागला. फिल्म हॉटप्लेटवर कडेने वळत होती. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून रुंद कॅप्टॉन टेप (पॉलिइमाइडची चिकटपट्टी) आणली, फिल्म काचेच्या तुकड्यावर ताणून चारही कडा चिकटवल्या, वळणं थांबलं. दुकानदाराने विचारलं, मोबाइल दुरुस्तीला हवीये का. पाणी तपासायला म्हटल्यावर त्याने आणखी एक रीळ काढून समोर ठेवलं आणि कोणती टेप जास्त उष्णता सोसते ते स्वतःहून समजावून सांगितलं. त्याचं म्हणणं बरोबर निघालं.

२५ मे, शनिवार

पहिले ट्रान्झिस्टर चालले. क्रोमियमच्या पातळ थरावर सोनं, मध्ये ऑक्साइडची पट्टी. एका व्होल्टच्या आत पूर्ण चालू आणि पूर्ण बंद. पाण्याजवळ काम करायचं तर हेच हवं, जास्त व्होल्टेज दिलं तर पाण्याचंच विघटन व्हायला लागतं.

रचना अशी ठरवली की ट्रान्झिस्टर पाण्यात जाणारच नाही. पाण्यात बुडेल तो फक्त सोन्याचा ठिपका, आणि एका बारीक सोन्याच्या मानेने तो ट्रान्झिस्टरच्या गेटला (त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला) जोडलेला. पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये आयनांना प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर मांडला तेव्हा गेटवरचा धातू काढून तिथे थेट द्रावण आणलं होतं. गेट लांब नेला की ट्रान्झिस्टर कोरडा राहतो, टिकतो.

आता मूळ अडचण. शिसं दहापट वाढलं तर ठिपक्यावरचं व्होल्टेज २५ अंशांना फार तर २९.६ मिलिव्होल्टने सरकतं. हे नेर्न्स्टचं समीकरण, त्याला वळसा नाही. सोडियमसारख्या एकभारी आयनाला ५९ मिळतात, शिशाच्या आयनावर दोन भार असल्यामुळे त्याच्या निम्मेच. म्हणजे १० पीपीबी आणि २० पीपीबी यांच्यात फरक जेमतेम ९ मिलिव्होल्टचा. आणि साध्या बफरमध्ये ठेवलेली पट्टी, शिशाचा कणही न घालता, दुपारभरात त्याहून जास्त सरकते.

त्यात उजेड. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं तसा करंट चढला, आणि पडदा ओढल्यावरही लगेच उतरला नाही. इंडियम ऑक्साइडचा हा स्वभावच आहे: उजेडाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन परत जागेवर बसायला तासन्‌तास घेतात. ट्रान्झिस्टरवर काळी टेप लावली. अंधारात घसरण कमी झाली, थांबली नाही.

शोधनिबंधांतून पिकोमोलरचे (नॅनोमोलरच्या हजाराव्या भागाचे) आकडे वाचताना मला आता पहिल्यांदा हे बघावंसं वाटतं की पाणी कुठलं होतं आणि पट्टी किती तास स्थिर राहिली.

६ जून, गुरुवार

पहाटे गिरगावात. काल, ५ जूनपासून, शहरात १० टक्के पाणीकपात लागू झाली.

माझ्या सहकाऱ्याच्या आजीची चाळ. पाणी पहाटे येतं, त्याआधी रात्रभर पाइपात तुंबून राहतं. शिसं मोजायला हेच पाणी हवं. अमेरिकेतल्या १९९१ च्या नियमात नमुन्याची पद्धत अशीच होती: पाणी किमान सहा तास न वापरता पाइपात राहिलेलं हवं आणि पहिलाच एक लिटर घ्यायचा. तोटीतून आणि तिच्या लगतच्या पाइपातून जे विरघळलं असेल ते या पहिल्या लिटरमध्ये असतं. नंतरचं पाणी मुख्य वाहिनीतून येतं आणि बहुधा चांगलं असतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेकडून येणारं पाणी तलावापाशी नासत नाही. शेवटच्या दहा फुटांत काय होतं हा प्रश्न आहे.

आजी म्हणाल्या, "पहिलं पाणी तांबूस येतं गं. पूर्वी घटकाभर सोडून द्यायचो, मग हंडा लावायचा. आता कपात लागल्यावर कुठलं सोडतेस? तेही पिंपात."

हे वाक्य मी तिथेच वहीत उतरवून घेतलं. वाया न घालवण्याचा चांगला विचार आणि शिसं, दोन्ही त्या पिंपात एकत्र येतात. पिंपातलं पाणी धुण्याभांड्याला असं सगळे म्हणतात, पण शेजारच्या घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा आमच्यासमोर त्याच पिंपात फुलपात्र बुडवून प्यायला. पट्टी कुणासाठी करायची ते मला त्या मोरीत कळलं.

आजींकडे कल्हई केलेली पितळी पातेली आहेत. कल्हईचं कथील शुद्ध असेल तर काळजी नाही. पण शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, आणि त्यात शिसं मिसळलं की ठरावीक प्रमाणाला ते १८३ अंशांनाच पाझरायला लागतं. शिसं स्वस्त, काम लवकर, जाळ कमी. नवसागराच्या धुरात चकचकीत झालेलं भांडं बघून कुणालाच फरक कळत नाही. त्यात चिंच-कोकमाची आमटी उकळली की आंबटपणा शिसं ओढून घेतो. हा वेगळा विषय आहे, पण टिपून ठेवते.

२२ जून, शनिवार

पटलावर काम.

आधी सोन्यावर ग्लुटाथायोन (पेशींत असणारा गंधकयुक्त छोटा रेणू) बसवून पाहिलं. त्याचा गंधक सोन्याला घट्ट धरतो आणि बाकीचा रेणू पाण्यातल्या धातूंना पकडतो. शुद्ध द्रावणात सुरेख चालतं. तांबं घातलं की बिघडतं, कारण ग्लुटाथायोन तांब्यालाही तितक्याच मायेने धरतं. आणि आपलं पाणी पितळी तोटीतून येणार. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आयएस १०५०० मध्ये जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, शिशाच्या पाचशेपट. आयनांची संख्या मोजली तर दीड हजारपटीच्या वर, कारण जस्ताचा अणू शिशाच्या अणूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका. एवढ्या गर्दीत शिशाचा एकेक आयन वेगळा काढायचा आहे. ग्लुटाथायोनला इथे रजा.

दुसरा मार्ग आयन-निवडक पटलाचा. पीव्हीसी, प्लास्टिसायझर, शिसं पकडणारा रेणू आणि थोडा मेदविद्राव्य क्षार, सगळं टीएचएफ या द्रावकात विरघळवून ठिपक्यावर थेंब सोडायचा, रात्रभर झाकून सुकवायचा. प्लास्टिसायझरमुळे हे पटल मऊ असतं, पट्टीबरोबर वाकतं. शिसं पकडणारा रेणू मोठ्या वाडग्याच्या आकाराचा, आत गंधकाचे हात, पोकळी शिशाच्या मापाची. तांब्याचा त्रास एकदम कमी झाला, जस्ताचा जवळजवळ गेला.

अशी पटलं जुनी आहेत, पण मायक्रोमोलरच्या (हजार नॅनोमोलरच्या) खाली ती आंधळी होतात अशी समजूत वर्षानुवर्षं होती. १९९७ मध्ये झुरिकमध्ये एर्नो प्रेट्श यांच्या गटाने कारण दाखवून दिलं: पटलाच्या आतल्या बाजूचं शिसं हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पटलाला पाण्यातल्या शिशाऐवजी स्वतःचंच शिसं दिसतं. त्यांनी ते झिरपणं रोखलं आणि मर्यादा पिकोमोलरपर्यंत खाली आणली. आमच्यापुरता धडा सरळ आहे. पट्टी वापरण्यापूर्वी भिजवायची ती शिशाच्या अगदी विरळ द्रावणात. तीव्र द्रावणात भिजवली तर ती भरून येते आणि मग दिवसभर तेच ओकत बसते.

सोनं आणि पटल यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म थर शिरतो, त्यामुळे वाचन डुलत राहतं. मध्ये विद्युतवाहक पॉलिमरचा थर दिल्यावर तेही बरंच आटोक्यात आलं. गेल्या महिन्यातली निम्मी घसरण ट्रान्झिस्टरची नव्हतीच, इथली होती.

८ जुलै, सोमवार

रात्री सहा तासांत कित्येक ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकल बंद, लॅबमध्ये कुणी पोचलं नाही. काम नाही.

घरी बसून नमुन्यांची पद्धत लिहून काढली. शिसं इतक्या कमी प्रमाणात असतं तेव्हा ते बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणून गोळा करताच नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा. पण तेवढं आम्ल पटलाला सोसत नाही, हायड्रोजनचे आयनच त्याला व्यापून टाकतात. तेव्हा वाचनाआधी ॲसिटेट बफर घालून पीएच साडेचारच्या आसपास आणायचा. ॲसिटेट शिशाला थोडं धरतं, पण दर वेळी सारखंच धरतं, आणि कॅलिब्रेशनही (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवर पट्टी जुळवून घेणं) त्याच बफरमध्ये असल्यामुळे हिशेब जुळतो. मोरीत वापरायच्या पट्टीला नायट्रिकची गरजच नाही: पाणी घेतलं, बफरची पुडी टाकली, लगेच वाचलं. प्रयोगशाळेपेक्षा पट्टीची ही बाजू खरोखर वरचढ आहे, बाटलीच्या भिंतीला चिकटायला शिशाला वेळच मिळत नाही.

२१ जुलै, रविवार

वाकवण्याच्या चाचण्या. वाकवल्यावर पृष्ठभागावर येणारा ताण म्हणजे फिल्मची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. आमची फिल्म ५० मायक्रॉनची. दहा मिलिमीटर त्रिज्येला ०.२५ टक्के, पाच मिलिमीटरला ०.५ टक्के. पेनाभोवती गुंडाळली तर साधारण हे दुसरं. ऑक्साइडचा थर ठिसूळ, एक टक्क्याच्या आसपास तडकणार हे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पाच मिलिमीटरला वारंवार वाकवल्यावरच सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या रेषा दिसल्या, वळणाच्या अक्षाला समांतर, आणि त्या पट्टीचा करंट पडलेला. एकदा वाकवलेल्या पट्टीला काही होत नाही, पुन्हा पुन्हा वाकवलेली थकते.

उपाय दोन. वर तेवढ्याच जाडीचा आणि ताठरपणाचा थर देऊन ट्रान्झिस्टर मधोमध आणायचा. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, मध्ये दोन्ही नाही. किंवा वाकण्याचा भागच निवडायचा: मान वाकू दे, ट्रान्झिस्टर सरळ राहू दे. सोनं वाकायला तयारच असतं.

सरांनी लगेच विचारलं की ट्रान्झिस्टर वाकणारच नसेल तर तो सिलिकॉनचा विकत आणून का लावू नये, लवचिक अर्धवाहक कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि अहवालात कुणीतरी विचारणारच. माझं उत्तर असं: ठिपक्याचा सिग्नल मिलिव्होल्टांचा, रोधन प्रचंड. ठिपका आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये कनेक्टर आला की ओल, हात लावणं, पंख्याची मोटर, सगळं त्या सिग्नलमध्ये मिसळतं. दोन्ही एकाच फिल्मवर असले की सिग्नल जन्मला तिथेच वाढतो आणि रीडरपर्यंत दणकट होऊन जातो. शिवाय ही फिल्म कात्रीने कापता येते, पाकिटात पाठवता येते, मोरीच्या फरशीवर पडली तर फुटत नाही. सरांना पटलं. "हेच लिही," म्हणाले.

४ ऑगस्ट, रविवार

माहीमची खाडी. अमावास्या, म्हणजे मोठी भरती-ओहोटी. सकाळी पाणी उतरलेलं असताना एक नमुना घेतला आणि दुपारी भरतीच्या पाण्याचा एक. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून साकीनाका, कुर्ला, बीकेसी, धारावी करत इथे येते. ओहोटीला खाडीत नदीचं पाणी असतं, भरतीला समुद्राचं. एकाच जागी उभं राहून दोन वेगळी पाणी भरून घेता येतात.

खाडी सरांच्या आग्रहाची. जड धातू म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात खाडीच येते, त्यामुळे अहवालात ती हवी.

लॅबमध्ये दोन्ही नमुने गाळले आणि प्रत्येकात सारखंच, मोजून शिसं घातलं. पट्टीने ओहोटीच्या पाण्यात घातलेल्यापेक्षा कमी दाखवलं आणि भरतीच्या पाण्यात त्याहूनही पुष्कळ कमी. पट्टी बिघडली नव्हती. तीच पट्टी धुऊन नळाच्या पाण्यात घातली तेव्हा बरोबर आली.

कारण पाण्यात आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. शिसं क्लोराइड आणि कार्बोनेटशी जोड्या जमवून बसतं, मोकळा आयन थोडाच उरतो. कॅडमियमचं तर आणखी स्पष्ट: खाऱ्या पाण्यात त्याचा जेमतेम तीन टक्के भाग मोकळा, बाकी सगळा क्लोराइडच्या मिठीत. नदीच्या पाण्यात क्लोराइड कमी, पण कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं आणि मैल्याचं सेंद्रिय द्रव्य शिसं धरून ठेवतं. आमचं पटल मोकळा आयन मोजतं. बफरने कार्बोनेट सुटतं, क्लोराइड सुटत नाही. पट्टी खोटं बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्न आणि आपल्या मनातला प्रश्न एक नाही.

सकाळी कोळीवाड्यातल्या एक मावशी होडीजवळ जाळं निवडत बसल्या होत्या. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली, पण नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांच्या घरचे दर्यात जात नाहीत.

"काय गो बाय, पान्यान काय शोधतंस?"

शिसं, मी सांगितलं. शिसं त्यांना ठाऊक, जाळ्याच्या गोळ्या शिशाच्याच असतात. मुठीत एक गोळी धरून दाखवली. मग म्हणाल्या, "तुजी पट्टी म्हावऱ्याला लागंल काय? पानी कोन पितंय इथलं?"

मी म्हटलं, नाही मावशी, अजून नाही. त्यांनी मान हलवली आणि जाळ्याकडे वळल्या.

११ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर मावशींचाच प्रश्न चालू आहे, सरांशी आणि सहकाऱ्यांशीही.

खाडीचं पाणी कुणी पीत नाही. खाडीतून माणसापर्यंत धातू पोचतो तो चिखलातून शिवल्यांत, कालवांत, निवट्यांत आणि तिथून ताटात. कालवं दिवसभर पाणी गाळत असतात आणि धातू साठवत असतात, पाण्यात थोडा असला तरी अंगात पुष्कळ जमतो. मिनामाताचं जगाला १९५६ मध्ये कळलं ते माणसं आणि मांजरं आजारी पडल्यावर, आणि वाट होती मासे खाण्याची. पाण्यात बुडवलेली पट्टी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, मग ती कितीही सूक्ष्म मोजो. त्यासाठी शिवल्यांचं मांस आम्लात विरघळवून आयसीपीवरच चढवायला हवं.

मी सरांना सांगितलं की खाडी या प्रकल्पातून काढूया. हिरवा दिवा लावणारी पट्टी खाडीत बुडवून कुणी "शिसं नाही" असं वाचलं, तर त्या हिरव्या दिव्याने नुकसान होईल. सर लगेच तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, भरती-ओहोटीचा फरक स्वतःच सांगण्यासारखा आहे. ते खरंच आहे. अखेर ठरलं: खाडीचे निकाल अहवालात जातील, पट्टीची हद्द दाखवायला. वापर मात्र पिण्याच्या पाण्यापुरता. कॅडमियम आणि पारा या फेरीत नाहीत. पाऱ्याची मर्यादा ५ नॅनोमोलर आहे, ती या पटलाच्या आवाक्यात नाही.

मला हलकं वाटलं. वाटणारच, आता एकाच प्रश्नावर सगळा जोर लावता येईल.

२४ ऑगस्ट, शनिवार

जोडी-पट्टी तयार. एका फिल्मवर दोन ठिपके, दोन ट्रान्झिस्टर. एका ठिपक्यावर पूर्ण पटल, दुसऱ्यावर तसंच पटल, फक्त शिसं पकडणारा रेणू वगळून. रीडर दोन्हींतला फरक वाचतो. तापमान, उजेड, संदर्भ-इलेक्ट्रोडचं (व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतो त्याचं) सरकणं, पाण्यातल्या क्लोराइडचा त्याच्यावर होणारा परिणाम, हे सगळं दोन्हींना सारखं होतं आणि वजाबाकीत जातं. राहतं ते बहुतांश शिशाचं. मे महिन्यात दुपारभरात घसरणारं वाचन आता तासभर ४ मिलिव्होल्टच्या आत थांबतं.

४ मिलिव्होल्ट म्हणजे किती? २९.६ ला दहापट, तर ४ ला सुमारे १.३६ पट. खरं पाणी १० पीपीबीचं असेल तर पट्टी सव्वासात ते साडेतेरा यांमधलं काहीही दाखवेल. म्हणून रीडरवर आकडा दाखवायचाच नाही असं मी ठरवलं. हिरवा: ७ च्या खाली. पिवळा: ७ ते १४, बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवा. लाल: १४ च्या वर, हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरू नका आणि बाटली पाठवाच. आकडा दाखवला की लोक ९ आणि ११ यांत फरक करणार, आणि तो फरक ही पट्टी करू शकत नाही. शंभर मोऱ्यांमधून कोणत्या पाच बाटल्या यंत्रावर चढवायच्या, एवढं तिने सांगितलं तरी तिचं काम झालं.

सहकाऱ्याला आकडा हवा होता, स्पर्धेतल्या बाकी सगळ्या पट्ट्या दाखवतात म्हणून. रीडरच्या मेमरीत आकडा राहील, प्रयोगशाळेतल्या निकालाशी ताडायला. घरात दिसणार नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

गिरगावात परवा गणपती बसणार. चाळीत मंडपाची गडबड. मंडळाच्या लोकांशी बोलणं झालं: अनंत चतुर्दशी १७ ला आहे, त्यानंतरच्या शनिवारी, २१ ला, सगळ्या मजल्यांवर पहाटे नमुने. प्रत्येक घरातून पहिला लिटर आणि पाच मिनिटं पाणी वाहिल्यानंतरचा एक. पहिला लाल आणि दुसरा हिरवा आला तर दोष घरच्या तोटीत किंवा लगतच्या पाइपात, दोन्ही लाल आले तर मागे कुठेतरी. हे कळलं की काय बदलायचं तेही कळतं, आणि नुसती तोटी बदलणं कुणालाही परवडतं. पहिला लिटर झाडांना किंवा मोरी धुवायला वेगळ्या बादलीत धरायचा, पिंपात नाही, हे सांगायला आजी माझ्याबरोबर घरोघर येणार आहेत. त्यांचं ऐकतात.

कल्हईचं राहिलं होतं. चिनी मातीच्या भांड्यांतून शिसं सुटतं का हे तपासायची ठरलेली पद्धत आहे: भांड्यात ४ टक्के ॲसिटिक ॲसिड घालून २४ तास ठेवायचं आणि ते द्रावण तपासायचं. बाजारातलं पांढरं व्हिनेगर म्हणजे जवळपास तेच, आणि आमचा बफरही ॲसिटेटचाच. काल आजींच्या एका पातेल्यात रात्रभर व्हिनेगर ठेवलं, आज त्यात सोडियम ॲसिटेट घालून पीएच साडेचारवर आणला, नव्या कॅलिब्रेशनवर पट्टी बुडवली. क्षणात लाल. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर लाल. त्याच व्हिनेगरचा कोरा नमुना, स्टीलच्या भांड्यात ठेवलेला, हिरवा.

पातेलं सध्या लॅबमध्ये आहे, व्हिनेगरची बाटली सोमवारी आयसीपीला जाईल. आजींना फोन करून सांगितलं की त्या कल्हईवाल्याकडची बाकीची भांडी निकाल येईपर्यंत वापरू नका, निदान आंबट काही शिजवू नका. त्या म्हणाल्या, मोदकांचं सारण पितळीतच करते दर वर्षी. सारणात आंबट नसतं, तरी यंदा स्टीलमध्ये करा म्हटलं. बरं म्हणाल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या तीन घरांचीही भांडी घेऊन जा म्हणाल्या, त्यांनीही त्याच्याकडूनच कल्हई करून घेतली आहे. रविवारी आणायला जाते. त्यासाठी पट्ट्यांची वेगळी बॅच लागेल, पटलाचं द्रावण उद्याच करून ठेवायचं.